पै, नाथ

(२५ सप्टेंबर १९२२ – १८ जानेवारी १९७१). भारतीय संसदपटू व समाजवादी नेते. पूर्ण नाव पंढरीनाथ बापू पै. जन्म वेंगुर्ले येथे. बेळगावात शिक्षण घेत असता १९४२ च्या चळवळीत त्यांना कारावास घडला. पुढे इंग्लंडमध्ये ते बॅरिस्टर झाले. समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या काळात, १९५७ मध्ये, ते प्रजा समाजवादी पक्षाचे उमेदवार म्हणून राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९६२ व १९६७ मध्येही मतदारांनी त्यांनाच कौल दिला. देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ले हा किनारा त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. घरचा कर्ता पुरुष मुंबईस आणि चूल त्याच्या मनिऑर्डरीवर, अशी येथील अनेक कुटुंबांची स्थिती होती. कोकणाला रेल्वे हवी, ही मागणी त्यांनी सातत्याने मांडली. मुंबई-मंगळूर मार्ग प्रत्यक्षात पूर्ण झाला तो १९९८ मध्ये.

त्यांचे नाव विशेषतः एका असंमत विधेयकाशी निगडित आहे. गोलकनाथ खटल्यात (२७ फेब्रुवारी १९६७) सर्वोच्च न्यायालयाने, सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेस करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यावर पै यांनी त्याच वर्षी खाजगी विधेयक मांडले. संविधानाचे कोणतेही कलम बदलण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींना असावा, हा त्याचा गाभा. संसदेतील बहुमत उद्या हक्कांवरच उठेल, अशी भीती विरोधकांनी व्यक्त केली. समाजवाद्यांतही यावर एकमत नव्हते. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, पण संमत झाले नाही. त्याचे तत्त्व मात्र चोविसाव्या घटनादुरुस्तीत (१९७१) उतरले. केशवानंद भारती खटल्याच्या निकालाने (१९७३) संसदेचा हा अधिकार मान्य केला, तथापि संविधानाच्या मूलभूत चौकटीस धक्का लावण्यास मज्जाव केला. आणीबाणीत झालेली बेचाळिसावी दुरुस्ती (१९७६) पाहता विरोधकांची भीती अनाठायी नव्हती, असेच म्हणावे लागते. पै यांची भिस्त सत्ताधाऱ्यांपेक्षा मतदारांवर होती, हा भेद त्या वादात पुरेसा लक्षात घेतला गेला नाही.

त्यांचे वक्तृत्व मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत प्रभावी होते. १७ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत सीमाप्रश्नावर भाषण केल्यानंतर काही तासांतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ मालवण येथे बॅरिस्टर नाथ पै सेवांगण ही संस्था उभी राहिली. १९७१ च्या निवडणुकीत राजापूरहून मधू दंडवते विजयी झाले व पुढे १९९१ पर्यंत त्यांनीच या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले.