वासना, भस्म्या आणि माती: खाण्याच्या आजारांना नावं कशी मिळाली

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय खाण्याचे आजार. डॉक्टर त्यांना ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. आपल्या नांदेड-लातूरकडं हा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: ही मुंबई-पुण्याची थेरं, आम्ही बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं. दुष्काळाचं खरंय. १९७२ ला ज्यांनी मिलो आणि सुकडीवर दिवस काढले, त्यांना समोर भरलेलं ताट असून न जेवणारं लेकरू समजणं अवघडच. पण हे आजार आपल्याकडं नव्हतेच, हे काही मला पटत नाही. कारण आपल्या बोलण्यात त्यांच्या जवळ जाणारे शब्द कधीचे आहेत. अडचण एवढीच, की एकेका शब्दाखाली दोन-दोन, तीन-तीन वेगळे आजार झाकले गेलेत.

पहिला शब्द: वासना उडणं

"पोरीची अन्नावरची वासनाच उडाली." हे वाक्य कोणत्याही आजीकडून ऐकायला मिळेल. चरकसंहितेत याला अरोचक म्हटलंय, आणि त्याच्या कारणांत शोक, भय, क्रोध असे मनाचे भागही मोजलेत.

युरोपात १६८९ साली रिचर्ड मॉर्टन या इंग्रज डॉक्टरनं क्षयावरच्या ग्रंथात दोन रुग्ण नोंदवले. एक अठराव्या वर्षातली मुलगी, एक सोळा वर्षांचा मुलगा. दोघंही झिजत चाललेली, पण क्षय नाही. मुलगी वाचली नाही, मुलगा सावरला. म्हणजे पहिल्याच नोंदीत एक मुलगा आहे, हे लक्षात ठेवा. पुढं १८७३ साली लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोघांनी आपापलं वर्णन मांडलं. गल यांचं नाव टिकलं: अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा.

गंमत अशी की नावाचा अर्थ 'भूक नसणं', आणि या आजारात भूक बहुतेकदा असते! माणूस ती दाबत असतो. वजन वाढण्याची भीती इतकी, की हाडं दिसायला लागली तरी 'मी जाड आहे' असंच वाटतं.

पण न जेवणाऱ्या प्रत्येकाला ही भीती असते असं नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी १९९५ साली पाच तरुणींची माहिती छापली. जेवण नको, उलट्या, वजन उतरलेलं, पाळी थांबलेली. पण आपल्या शरीराबद्दलची ती विकृत कल्पना मात्र दिसली नाही. परदेशी पुस्तकातली खूण शोधत बसलं तर असा रुग्ण सुटतो.

तिसरा प्रकार आणखी वेगळा. काहींना वजनाशी देणंघेणंच नसतं. वास सहन होत नाही, घास अडकेल याची भीती वाटते, म्हणून दोन-तीनच पदार्थ चालतात. त्याला २०१३ साली अमेरिकी वर्गीकरणात वेगळं नाव मिळालं, आर्फिड. नुसत्या नाटकी लेकरात आणि यात फरक हा, की इथं वजन, वाढ किंवा तब्येत खालावते.

दुसरा शब्द: भस्म्या

"भस्म्या झालाय का रे तुला?" हे आपण हसत म्हणतो. आयुर्वेदातला भस्मक म्हणजे खाल्लेलं सगळं जाळणारा अग्नी. ते पचनाचं वर्णन आहे. आज ज्याला ताबा सुटून खाणं म्हणतात, ते मनाचं आहे.

१९५९ साली अल्बर्ट स्टंकर्ड यांनी अशा खाण्याचं वर्णन केलं: थोड्या वेळात खूप खाणं, थांबता न येणं, नंतर लाज. हा बिंज ईटिंगचा आजार. स्वतंत्र आजार म्हणून नाव मिळायला २०१३ उजाडलं. मधे १९७९ ला लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी तीस रुग्णांवरून बुलिमिया नर्व्होसा वेगळा काढला. त्यातही ताबा सुटतो, पण नंतर खाल्लेलं 'फेडायला' उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या, उपास, अतोनात व्यायाम. वजन बहुधा नेहमीसारखंच, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. पण वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

तिसरा शब्द: माती

हा तर आपला सगळ्यात जुना. कालिदासाच्या रघुवंशात गरोदर सुदक्षिणा माती खाते. चरकसंहितेत माती खाण्यानं होणारा पांडुरोग आहे. आपल्याकडं सारवलेल्या भिंतीची माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, सगळं चालतं. डोहाळे म्हणून सोडूनही देतात. डॉक्टर याला पायका म्हणतात. इथं वजनाची भीती नसते, पण बरेचदा रक्तात लोह कमी असतं. म्हणून रागावण्याआधी हिमोग्लोबिन तपासा.

मग ओळखायचं कसं?

किती खाल्लं, यावर जाऊ नका. का नाही खाल्लं आणि खाल्ल्यावर काय केलं, हे बघा. भीती वजनाची की घासाची? ताबा सुटतो का? नंतर फेड होते का?

लातूर पॅटर्नच्या नावावर मराठवाडाभरातून लेकरं येतात, नांदेडचंही तसंच. खोलीवर राहायचं, मेसचा डबा, सतत परीक्षा. डबा तसाच परत गेला तर बघायला माय जवळ नसते. विचारलं की "आज उपवास आहे" म्हटलं की प्रश्न मिटतो. आपल्याकडं उपवासाला कोण अडवणार? पण उपवासाला पारणं असतं. एकादशी सुटते, नवरात्र उठतं. ज्या उपवासाला पारणंच नाही, दर आठवड्याला ज्याचा एक वार वाढतो, तिथं थांबून विचारा. मुलालाही विचारा, मॉर्टनचा तो सोळा वर्षांचा पोरगा आठवा.

आणि फार खंगलेल्या लेकराला घरी आणून एकदम तूप-रोटी भरवू नका. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक भरपूर अन्न दिलं तर रक्तातले क्षार बिघडून जीव धोक्यात येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये हे दिसलं होतं. आधी दवाखाना. नांदेड आणि लातूर दोन्हीकडं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं मानसोपचार विभागात दाखवा. कुठं जायचं तेच कळत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

अ‍ॅनोरेक्सिया हा मनाच्या आजारांतला सर्वाधिक जीवघेण्यांपैकी एक आहे. त्याला थेरं म्हणण्यात महिने जातात, आणि तेच महिने महत्त्वाचे असतात. हा भाग खोलीवर राहणाऱ्या एखाद्या लेकराच्या आईबापापर्यंत पोचवा. भेटू पुढच्या भागात.