पुडी, पिशवी आणि मायक्रॉन

महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशवीवर बंदी आतापर्यंत तीन वेळा आली, असा माझा हिशेब आहे: २००५-०६, २०१८ आणि २०२२. शासननिर्णय वाचले की हा इतिहास तारखांचा आणि दंडाच्या रकमांचा वाटतो. दुकानाच्या गल्ल्यापाशी उभे राहून तो पाहिला की वेगळाच दिसतो. पिशवी हा दुकानदाराच्या लेखी माल नव्हे, गिऱ्हाईकही तिला मोल देत नाही. पण ती नसली तर विक्री अडते. गेली काही वर्षे मी रविवार पेठेतील आणि मंडईभोवतालच्या दुकानदारांशी बोलत आलो आहे. पुढचे लिखाण त्या बोलण्यातून, नियमांच्या कागदांतून आणि थोड्या आकडेमोडीतून आले आहे.

आधी पिशवीपूर्वीच्या काळाकडे जाऊ. ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना वाण्याच्या दुकानात वर टांगलेले दोऱ्याचे रीळ आठवेल. पावशेर डाळीची पुडी, दोन किलो साखरेचा पुडा, दोरा आडवा-उभा फिरवून मारलेली गाठ आणि बोटाच्या झटक्याने तोडलेला दोरा. रद्दीच्या पिशव्या घरोघरी होत. बायका-मुले खळ लावून त्या चिकटवत आणि शेकड्यावर विकत. दशमान पद्धतीची वजने येऊन कैक वर्षे झाली तरी या पिशव्यांची मापे पावशेर, अच्छेर अशीच बोलली जात. तेलाला किटली किंवा बरणी, दुधाला तांब्या, फुलांना कर्दळीचे किंवा पळसाचे पान आणि केळीच्या सोपाचा दोरा. सगळे सामान जायचे कुठे? घरून आणलेल्या मांजरपाटाच्या नाहीतर वायरच्या पिशवीत. म्हणजे बांधणे दुकानदाराकडे आणि वाहून नेणे गिऱ्हाइकाकडे, अशी कामाची वाटणी होती. प्लास्टिकने ही वाटणीच मोडली, आणि बंदीची सगळी ओढाताण मला वाटते तिथूनच सुरू होते.

आज आपण जिला कॅरीबॅग म्हणतो तिचे मूळ स्वीडनमध्ये आहे. स्टेन गुस्ताफ थुलिन या अभियंत्याने सेलोप्लास्ट कंपनीसाठी एकाच नळीतून कापून-जोडून बंदांसकट पिशवी तयार करण्याची युक्ती काढली. तिचे अमेरिकी पेटंट १९६५ चे आहे. आपल्याकडे पॉलिइथिलीन साठच्या दशकातच तयार होऊ लागले होते, पण पेठेत पिशवी सुळसुळली ती ऐंशी-नव्वदच्या दशकांत. दुकानदारांना विचारले तर ते स्वस्ताईच्या आधी दुसरेच कारण सांगतात: वेळ. पुडी बांधायला सराव लागतो, नवा नोकर महिनाभर दोरा तोडत बसतो. पिशवीत माल ओतला, गाठ मारली, झाले. शिवाय तिचे वजन काट्यावर जाणवतच नाही. जाड कागदाच्या पिशवीसकट साखर तोलली की चौकस गिऱ्हाईक हटकून विचारते, 'कागद पण साखरेच्या भावाने का?'

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. गटारे तुंबण्याला पिशव्याही कारण ठरल्या आणि पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने बंदी जाहीर केली. हे जगावेगळे नव्हते. १९८८ आणि १९९८ च्या पुरांनंतर बांगलादेशात हाच विचार झाला होता आणि २००२ मध्ये तिथे पातळ पिशव्यांवर देशभर बंदी आली होती. आपल्याकडे मात्र सरसकट बंदीचे रूप लवकरच बदलले. २००६ च्या राज्य नियमांत पिशवी चालेल, पण किमान ५० मायक्रॉन जाड आणि किमान ८ बाय १२ इंचांची हवी, असे ठरले. केंद्राची मर्यादा तेव्हा २० मायक्रॉनची होती. पुढे ती २०११ मध्ये ४० आणि २०१६ मध्ये ५० झाली.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो डोळ्यांना दिसत नाही आणि ज्या दुकानदाराला दंड होणार त्याच्याकडे मोजायचे साधनही नसते. मग कायद्याने जाडी का धरली? याचे उत्तर भंगाराच्या दुकानात मिळते. ८ बाय १२ इंचांची पिशवी घ्या. दोन्ही बाजूंचा पत्रा धरून आणि प्लास्टिकची घनता लक्षात घेऊन हिशेब केला तर २० मायक्रॉनच्या सुमारे ४४० पिशव्यांचा एक किलो होतो. ५० मायक्रॉनच्या साधारण १७५, आणि १२० मायक्रॉनच्या जेमतेम ७३. कचरा वेचणाऱ्या बाईला मोल मिळते ते किलोला. चिखलाने माखलेल्या ४४० पिशव्या वेचण्यात तिचा दिवस जाईल, म्हणून ती त्यांना हात लावत नाही आणि त्या नाल्यात जातात. जाड पिशवी वेचली जाते.

पण हाच आकडा गल्ल्यावरून उलटा वाचावा लागतो. दुकानदारही पिशव्या घेतो त्या किलोवरच. ज्या किलोत पूर्वी ४४० गिऱ्हाइके भागत, त्यात आता १७५ भागणार. भाजीवाल्याची पाच रुपयांची कोथिंबीर आणि कापडवाल्याची दोन हजारांची साडी या दोघांना पिशवीचा वाढीव खर्च सारखाच, मात्र झळ सारखी नाही. त्यातच २०१६ च्या केंद्रीय नियमांत प्लास्टिकच्या पिशव्या देणाऱ्या दुकानदाराने वर्षाला किमान ४८,००० रुपये भरून नोंदणी करावी, असे कलम होते. हातगाडीवाल्याला वर्षाला ४८,०००! मार्च २०१८ मध्ये ते वगळले गेले. हे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेमके कोणते दुकान होते, हे कुतूहल मला आजही आहे.

दुसरी बंदी सर्वांच्या लक्षात आहे. २०१८ च्या गुढीपाडव्याला बंदी येणार असे सांगितले गेले, २३ मार्चला अधिसूचना निघाली, तीन महिन्यांची सवलत संपून २३ जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. आता तारीख पाहा. २३ जून, म्हणजे मृगाचा पाऊस होऊन आर्द्रा लागलेली. कागदाच्या पिशवीत मीठ पाझरते, गूळ सुटतो, साखरेचे खडे होतात. कागदी पिशवीची कसोटी पाहायला पेठेत याहून वाईट मुहूर्त सापडला नसता.

त्या दिवसांत प्रत्येक धंद्याने आपापली वाट काढली. फुलवाल्यांना फारसे अडले नाही. पान आणि दोरा त्यांनी पुरता सोडलाच नव्हता. औषधांच्या दुकानांत कागदी पाकिटे होतीच. कापडवाल्यांनी बंद लावलेल्या कागदी पिशव्या छापल्या, मोठ्या दालनांनी पिशवीचे वेगळे पैसे लावले आणि तोट्याचा नफा केला. मिसळवाल्यांची पंचाईत झाली: कट न्यायचा कशात? 'डबा आणा' अशा पाट्या लागल्या, काहींनी फॉइलचे डबे आणले आणि त्यांचे पैसे बिलात चढवले. मासे आणि मटण विकणाऱ्यांपुढे तर ओल्या मालाचा प्रश्न होता. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच बजावले होते, त्यामुळे जुन्या वाटेवर परत जाण्याचीही सोय उरली नव्हती. आणि भाजीवाली? तिने सांगितलेले वाक्य माझ्या वहीत आहे: 'मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जातंय.' बंदी सगळ्यांनी एकदम पाळली तर कुणाचेच नुकसान नाही. एकटीने पाळली तर सगळे नुकसान तिचेच.

किराणा दुकानदारांचा आक्षेप मला त्या वेळी सर्वांत सबळ वाटला होता. कारखान्यात भरलेल्या मालाच्या वेष्टनाला अधिसूचनेत सूट होती. म्हणजे कंपनीचा बिस्किटाचा पुडा, वेफर्सचे पाकीट चालणार, पण दुकानदाराने स्वतः पोत्यातून काढून बांधलेली तूरडाळ गुन्हा ठरणार. आठवड्याभरातच सरकार नमले आणि परत घेण्याच्या अटीवर किराणा मालासाठी ५० मायक्रॉनवरील जाडीच्या वेष्टनाला मुभा मिळाली. तोवर एक गोष्ट घडून गेली होती. मी जी दुकाने नियमित पाहतो त्यांतल्या काहींनी सुटा माल कमी करून कंपन्यांची बांधीव पाकिटे मांडली, ती पुन्हा हलवली नाहीत. वाण्याचे निवडणे, पाखडणे, भाव पाहून पोती बदलणे हे कसब त्या पाकिटांबरोबर मागे पडले. प्लास्टिक कमी झाले का? पोत्याच्या जागी किलो-किलोची पाकिटे आली, एवढे डोळ्यांनी दिसते.

२०२० च्या टाळेबंदीत पातळ पिशवी गुपचूप परतली. केंद्राने ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनची मर्यादा घातली, मधे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक वस्तू बंद केल्या. गाड्यावरच्या पातळ पिशवीला यातल्या कुठल्याच तारखेची फार फिकीर नव्हती. ती आता समोर टांगलेली नसते, पाटीखालच्या गोणपाटाखाली असते, ओळखीच्या गिऱ्हाइकाला मिळते.

आणि दुकानांत 'कापडी' म्हणून मिळणारी ती रंगीत, खरबरीत, न विणलेली पिशवी? ती पॉलिप्रॉपिलीनची असते. २०१८ च्या राज्य अधिसूचनेने ती बंद केली होती. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची असेल तर चालेल म्हटले. माझ्या घरात साठलेल्या अशा पिशव्यांचे एकेक टोक मी काडीने पेटवून पाहिले. सुती कापडाची राख होते, चिमटीत घेतली की उडून जाते. यांचा वितळून काळा थेंब झाला, आणि गार झाल्यावर मण्यासारखा टणक.

पेठेतल्या एका वयस्कर दुकानदाराला मी तो मणी दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला, परत दिला आणि विचारले, 'मग उद्यापासून काय ठेवू?' मी मांजरपाटाची पिशवी म्हणालो. त्यांनी कागदावर हिशेब मांडला: कापड, शिलाई, बंद. खाली रेघ ओढून आकडा लिहिला आणि तो कागद माझ्यापुढे सरकवला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले, अर्धा किलो पोहे मागितले आणि म्हणाले, 'पिशवी द्या हो एक.'