राणी मेरीचें शिवणमंडळ

मुंबईस अपोलो बंदरावर १९११ सालच्या डिसेंबरच्या २ तारखेस बादशहा पांचवे जॉर्ज व राणी मेरी हीं उतरलीं. त्या प्रसंगाचें स्मारक म्हणून उभारलेला गेटवे ऑफ इंडिया श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. त्या राणीच्या नांवाशीं गरिबांस कपडे पुरविणारी एक संस्था जोडलेली होती, आणि १९१४ च्या ऑगस्टांत त्याच दानधर्मावरून इंग्लंडांत मोठा गहजब उडाला. गहजब करणाऱ्या बायकाही गरीबच होत्या, आणि त्यांचें पोट कपडे शिवण्यावरच चालत होतें.

संस्थेचा उगम अगदीं लहान आहे. १८८२ सालीं डॉर्सेट परगण्यांतील एका अनाथालयाच्या व्यवस्थापिकेनें लेडी वुल्व्हर्टन यांच्याकडे मुलांसाठीं हातविणीचे २४ जोड पायमोजे व १२ लोकरी बंड्या मागितल्या. लेडी वुल्व्हर्टन यांचे पति श्रीमंत सावकारी घराण्यांतले असून ग्लॅडस्टनच्या सरकारांत अधिकारावर होते. एवढी मागणी दुकानांत एक चिठ्ठी पाठवून भागली असती. बाईंनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं आपल्या मैत्रिणींस सुया व लोकर घेऊन कामास बसविलें, आणि त्यांतूनच शिवणमंडळ निघालें. नियम असा कीं, प्रत्येक सभासद स्त्रीनें वर्षाकाठीं दोन वस्त्रें द्यावींत आणि तीं कोरीं असावींत. दोन कां, हें कोणत्याही गृहिणीस समजावून सांगावें लागणार नाहीं: एक अंगावर, एक धुण्यांत. मोलकरणीस जुनेर देऊन दानाचें पुण्य पदरीं पाडून घेण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत असे. त्या मानानें कोऱ्या वस्त्राचा हा नियम अधिक सभ्य म्हटला पाहिजे.

लवकरच या मंडळास राजघराण्याचा आश्रय मिळाला. राणी व्हिक्टोरियाची चुलतबहीण मेरी ॲडलेड, डचेस ऑफ टेक, ही त्याची आश्रयदाती झाली. ही बाई अंगानें स्थूल, मनानें उदार आणि हातानें इतकी सैल होती कीं, कर्जाच्या पायीं १८८३ सालीं तिला सहकुटुंब इंग्लंड सोडून कांहीं काळ फ्लॉरेन्स शहरीं राहावें लागलें. स्वतःच्या घराचा हिशेब जिला जमला नाहीं, तिनें गरिबांच्या कपड्यांच्या गठ्ठ्यांचा हिशेब मात्र मोठ्या निष्ठेनें ठेवला. ते गठ्ठे सोडावे, कपडे मोजावे, निवडून वेगळे करावे, हें काम तिची मुलगी मेरी करीत असे. १८९७ सालीं आई वारली, तेव्हां मंडळाची धुरा मुलीकडे आली. हीच पुढें राणी मेरी झाली.

थोरांचें नांव एखाद्या संस्थेच्या कागदावर छापलें गेलें, म्हणजे त्या संस्थेचें काय होतें? वर्गणी वाढते, सभासद वाढतात, वर्तमानपत्रांत जागा मिळते. परंतु नांवाचा जोर आंधळा असतो. तो हितावर पडतो तसाच अहितावरही पडतो. १९१४ सालीं याचा अनुभव आला.

त्या वर्षीं ऑगस्टच्या ४ तारखेस इंग्लंडनें जर्मनीशीं युद्ध पुकारलें. थोड्याच दिवसांत राणीनें देशांतील स्त्रियांस शिपायांसाठीं व त्यांच्या कुटुंबांसाठीं कपडे शिवण्याचें आवाहन केलें, आणि मंडळाचें नांवही ‘क्वीन मेरीज नीडलवर्क गिल्ड’ असें झालें. राणीचा शब्द! दिवाणखान्या-दिवाणखान्यांतून सुया चालूं लागल्या. ज्यांना काज करतां येत नव्हतें अशाही बायका सदरे बेतूं लागल्या.

याच वेळीं लंडनांतील शिवणकामावर जगणाऱ्या बायकांची काय दशा होती? युद्धाची बातमी येतांच श्रीमंत घरांनीं नव्या पोषाखांच्या मागण्या रद्द केल्या. कपडे शिवणाऱ्या व टोप्या करणाऱ्या हजारों मुलींस काम उरलें नाहीं. सरकारी सदऱ्यांचें व पायमोज्यांचें काम तरी आपणांस मिळेल, या आशेवर त्या बसल्या होत्या. तोंच तें काम सुखवस्तु बायका फुकट करूं लागल्या. ज्या बाईस संध्याकाळचा पाव विकत घ्यावयाचा आहे, तिनें फुकट शिवणाऱ्या बाईशीं चढाओढ करावी कशी?

या बायकांची बाजू मांडण्यास मेरी मॅकार्थर पुढें आल्या. या ग्लासगोच्या, वडिलांचें कापडाचें दुकान, आणि त्यांतील हिशेबाच्या वह्या याच लिहीत. दुकानांतील नोकरांच्या संघाच्या सभेचा वृत्तांत लिहावयास म्हणून त्या गेल्या आणि संघाच्याच होऊन परतल्या. १९०६ सालीं त्यांनीं मजूर स्त्रियांचा राष्ट्रीय संघ काढला. १९१० सालीं क्रॅड्ली हीथ या गांवीं लोखंडी सांखळ्या घडविणाऱ्या स्त्रियांनीं दहा आठवडे संप करून तासास अडीच पेन्स ही किमान मजुरी पदरांत पाडून घेतली, ती यांच्याच पुढारीपणाखालीं. अशा बाईस राजवाड्याची भीति वाटण्याचें कारण नव्हतें. राणीच्या मंडळाविरुद्ध त्यांनीं उघड तक्रार केली.

येथें राणीचा खरा स्वभाव दिसून आला. तिनें तक्रारीचा राग धरला नाहीं. मॅकार्थरबाईंस बकिंगहॅम राजवाड्यांत बोलावून घेतलें व त्यांचें म्हणणें ऐकलें. गरीब-श्रीमंतांमधील विषमतेवर आपण राणीस जवळजवळ व्याख्यानच दिलें, आणि सगळी परिस्थिति तिच्या ध्यानांत आली आहे, असें बाईंनीं परत आल्यावर सांगितलें. ऑगस्ट महिन्यांतच स्त्रियांच्या रोजगारासाठीं एक मध्यवर्ती समिति नेमण्यांत आली. तिच्या अध्यक्षा लेडी क्रू आणि चिटणीस स्वतः मॅकार्थरबाई. राणीनें स्त्रियांस काम देण्यासाठीं एक निधि उघडला आणि दान देण्यापेक्षां काम देणें बरें, असें त्या निधीच्या आवाहनांत आपल्या नांवानें जाहीर केलें. दानाच्या संस्थेच्या आश्रयदातीनें असें म्हणणें ही लहान गोष्ट नव्हती. त्याच सुमारास लॉर्ड किचनर यांनीं सैन्यासाठीं ३,००,००० जोड पायमोजे व तितकेच पोटाचे लोकरी पट्टे राणीकडे मागितले, तेव्हां त्यांतील कांहीं काम मजुरी देऊन करवून घेण्यांत आलें.

मात्र यामुळें सर्व स्त्रियांचें समाधान झालें असें समजूं नये. निधीच्या पैशांतून जीं कामघरें निघालीं, तेथें मजुरी तासास ३ पेन्स, आणि आठवड्याची मिळकत फार तर १० शिलिंग. त्या काळच्या हुंडणावळीनें एक पेनी म्हणजे एक आणा. म्हणजे लंडनसारख्या महाग शहरीं आठवड्यास साडेसात रुपये. पूर्व लंडनच्या गरीब वस्तींत काम करणाऱ्या सिल्व्हिया पँकहर्स्ट यांनीं या कामघरांस, राणीचें नांव घालूनच, रक्त आटविणारे कारखाने म्हणून हिणविलें. त्यांनीं स्वतः खेळण्यांचा एक कारखाना काढून तेथें अधिक मजुरी दिली. त्यांचा आरोप कठोर होता, पण निराधार नव्हता. कामघरांतील मजुरी क्रॅड्ली हीथच्या सांखळीवाल्या बायकांच्या मजुरीहून अर्ध्याच पेनीनें अधिक होती, आणि ती ठरविणाऱ्या समितीच्या चिटणीस मॅकार्थरबाईच होत्या. बेकारांच्या रांगा दाराशीं लागल्या असतां हातांत आलेला पैसा किती जणींत वांटावा, या पेंचांतून त्यांना सुटतां आलें नाहीं.

१९१५ साल उजाडल्यावर दारूगोळ्याच्या कारखान्यांस बायका हव्या झाल्या आणि बेकारीचा प्रश्न आपोआप मागें पडला. मग शिवणमंडळाचें काम निर्वेध चाललें. लंडनांतील सेंट जेम्स राजवाड्याच्या फ्रायरी कोर्ट या भागांत गठ्ठे येऊन पडत. इकडे मुंबईंतही टाऊन हॉलांत गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें युद्धनिधीची स्त्री-शाखा अशाच कामास लागली होती. युद्ध संपून हिशेब झाला, तेव्हां राणीच्या मंडळानें गोळा केलेल्या वस्तूंची संख्या दीड कोटीच्या वर गेली होती.

मेरी मॅकार्थर १९२१ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, वारल्या. राणी मेरीचा अंत १९५३ सालीं झाला. त्यानंतर मंडळाचा आश्रय तिची सून, राजमाता एलिझाबेथ, हिच्याकडे गेला, आणि पुढें मंडळासही तिचेंच नांव मिळालें. मधल्या काळांत घरीं बसून शिवणाऱ्या बायका कमी झाल्या, तयार कपडे विकत घेऊन देण्याची चाल पडली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत केव्हां तरी मंडळाच्या नांवांतून ‘शिवण’ हा शब्द जाऊन त्या जागीं नुसता ‘कपडे’ हा शब्द आला. कपडे कोरे असावेत, हा लेडी वुल्व्हर्टन यांचा नियम तेवढा कायम राहिला.