सिडनीचे फ्रेंच पाहुणे

1802 च्या जूनमध्ये निकोला बोदँचे ‘जेओग्राफ’ हे फ्रेंच जहाज सिडनीच्या बंदरात आले तेव्हा स्कर्व्हीने खलाशी इतके खंगले होते, की जहाज आत आणायलाही दुसऱ्यांची मदत घ्यावी लागली. मोहीम शास्त्रीय होती आणि तिच्याजवळ ब्रिटिश सरकारचा परवाना होता. गव्हर्नर फिलिप गिडली किंगने आजाऱ्यांना इस्पितळात घेतले, बेनेलाँग पॉइंटवर तंबू ठोकू दिले, आणि वसाहतीतच चणचण असताना ताजे मांस पुरवले. हे पाहुणे पाच महिने राहिले. त्यांच्यातला प्राणिशास्त्रज्ञ फ्रांस्वा पेरों फौज किती, तोफा कुठे, आयरिश कैदी किती चिडलेले, याची माहिती गोळा करत होता. लुई द फ्रेसिने सैन्य उतरवण्याजोग्या जागा हेरत होता. 1803 च्या डिसेंबरात पेरोंने इल द फ्रान्सच्या, म्हणजे आजच्या मॉरिशसच्या, गव्हर्नर जनरल देकाएँपुढे अहवाल ठेवला: ही वसाहत शक्य तितक्या लवकर नष्ट करावी. एवढे वाचून किंगला भोळा ठरवणे सोपे आहे. मला तर या प्रकरणातला सर्वांत हिशेबी माणूस तोच वाटतो.

बोदँ 18 नोव्हेंबर 1802 ला निघाला. त्यानंतर किंगच्या कानावर आले, की फ्रेंच अधिकारी व्हॅन डायमेन्स लँडवर, आजच्या टास्मानियावर, वसाहत करण्याच्या गोष्टी बोलत होते. किंगने पाच दिवसांत जेमतेम 29 टनांचे ‘कंबरलँड’ हे गलबत त्याच्या मागे धाडले आणि चार्ल्स रॉबिन्स या तरुण अधिकाऱ्याबरोबर बोदँसाठी पत्र दिले. त्या पत्राची घडण पाहण्यासारखी आहे. अशी एक अफवा ऐकली, तुम्ही इथे असताना कळती तर खुलासा मागितला असता, माझा स्वतःचा तिच्यावर मुळीच विश्वास नाही, तरी तुम्हाला कळवणे योग्य वाटले, असा त्याचा सूर. पाहुण्यावर आरोप नाही, पण आपला दावा मात्र कागदावर. रॉबिन्सने पुढे घोटाळा केला. किंग आयलंडवर फ्रेंचांच्या तंबूंमागच्या झाडावर त्याने ब्रिटिश निशाण लावले, तेही उलटे. बोदँने उत्तरात त्याची थट्टा केली, की ते पाणी गाळून वाळत घातलेले फडके वाटले. दुसऱ्या, खाजगी पत्रात त्याने अधिक टोचणारी गोष्ट लिहिली: मुळात लोक राहत असलेली भूमी युरोपियनांनी बळकावणे त्याला न्यायाचे वाटत नव्हते. या प्रश्नाला किंगकडे उत्तर नव्हते, आणि त्याने ते शोधलेही नाही. 1803 च्या सप्टेंबरात लेफ्टनंट बोवेनने त्याच व्हॅन डायमेन्स लँडवर, डरवेंट नदीकाठी, रिस्डनला वसाहत थाटली.

आक्षेप असा येईल, की पत्रे लिहिण्यापेक्षा पेरोंला तोफांपासून दूर ठेवले असते तर? पण सिडनी कोव्हच्या तोंडावरचे मोर्चे तिथे येणाऱ्या प्रत्येक अमेरिकन व्यापारी जहाजाला दिसत. वसाहतीचे खरे दुबळेपण मोर्च्यांत नव्हतेच. मदत युरोपातून यायला कित्येक महिने लागत, आणि ही गोष्ट पॅरिसला कोणत्याही हेराशिवाय ठाऊक होती. परवानाधारक जहाजावर पहारा बसवला असता तर लपले काहीच नसते, उलट इंग्लंडनेच दिलेला शब्द मोडला असता. शिष्टाचाराच्या बदल्यात बोदँने इल द फ्रान्सच्या कारभाऱ्यांना उद्देशून शिफारसपत्रे लिहून दिली: सिडनीहून येणाऱ्या जहाजांना अशीच मदत करावी.

त्या पत्रांचा उपयोग झाला नाही, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार. पेरों इल द फ्रान्सहून निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स त्या बेटावरच्या पोर्ट लुईला पोचला, आणि तोही त्याच ‘कंबरलँड’मधून. ब्रिटन-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटले होते आणि त्याचा परवाना ‘इन्व्हेस्टिगेटर’ या वेगळ्या जहाजाचा होता. देकाएँने त्याला अडकवले. संशय अगदीच निराधार नव्हता: फ्लिंडर्सजवळ किंगचे सरकारी खलिते होते, आणि फ्रेंच वसाहतीची स्थिती पाहून घ्यावी, अशी नोंद खुद्द त्याच्या रोजनिशीत होती. म्हणजे पुरावा किंगपेक्षा देकाएँच्या हातात अधिक होता. तरी त्याने निवडलेला मार्ग महागात पडला. चौकशी करून आलेल्या वाटेने परत लावला असता तर जो माणूस काही दिवसांत गेला असता, तो साडेसहा वर्षे बेटावर राहिला, बराच काळ पॅरोलवर मोकळा हिंडत. 1810 च्या जूनमध्ये सुटून तो केपला गेला, तेव्हा ब्रिटिश अ‍ॅडमिरल बर्टीने त्याला बेटाविषयी प्रश्न विचारले. बेट पडायला फ्लिंडर्स कारण झाला असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. ब्रिटिश आरमाराचा वेढा तिथे आधीपासून होता. त्याच वर्षी नेपोलियनने देकाएँला सिडनी घेण्याविषयी लिहिले, पण मुंबई इलाख्याचा सरसेनापती जॉन ॲबरक्रॉम्बी हिंदुस्थानातली फौज घेऊन 29 नोव्हेंबरला बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पोर्ट लुईच्या तोफांना वळसा घालून, उतरला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देकाएँने शरणागतीच्या अटींवर सही केली.