विजेची ज्योत आणि काळी काच

अग्नीचा चटका बसला की हात आपोआप मागे येतो आणि पुन्हा तिकडे जाताना बिचकतो. अग्नीशी कसे वागावे हे मनुष्य असे चटके सोसूनच शिकला. त्यासाठी त्याला ग्रंथ लागला नाही की कायदा लागला नाही. लोहाराच्या भात्यापाशी वाढलेल्या पोराला भट्टीपासून किती हात दूर उभे राहावे हे कोणी सांगावे लागत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांत एक असा अग्नी आला, की ज्याचा अपाय होत असताना कळतच नाही. तो अग्नी म्हणजे विजेची ज्योत. कामगारांच्या भाषेत ‘आर्क’. या ज्योतीने लोखंडाला लोखंड जोडण्याच्या विद्येचा, म्हणजे वेल्डिंगचा, इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. त्या ज्योतीपासून माणसाचे रक्षण करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास त्या मानाने अपरिचित राहिला आहे.

ही ज्योत प्रथम कारखान्यात प्रकटली नाही. ती प्रकटली प्रयोगशाळेत. 1802 साली सेंट पीटर्सबर्ग येथे व्हासिली पेत्रोव्ह यांनी आणि त्याच दशकात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्ही यांनी कोळशाच्या दोन तुकड्यांमधून विजेचा प्रवाह सोडून ते तुकडे किंचित दूर केले. मधल्या पोकळीत डोळे दिपवणारा प्रकाश पसरला. कोळसे आडवे धरले असता तापलेल्या हवेमुळे ही ज्योत वर उचलली जाऊन धनुष्यासारखी वाकते. त्यावरून तिला ‘आर्क’ म्हणजे कमान हे नाव पडले. पुढे कित्येक वर्षे ती विद्वानांच्या कौतुकाचा विषय होती, आणि साहजिकच तिचे पहिले घाव विद्वानांनाच बसले. 1858 मध्ये पॅरिसचे विख्यात वैद्य शार्को यांनी या ज्योतीवर प्रयोग करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांची हकीकत नोंदवली आहे. त्यांची कातडी उन्हाने करपावी तशी लाल झाली होती आणि डोळ्यांना असह्य वेदना होत होत्या.

या दुखण्याची रीत मोठी फसवी आहे. ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर त्या वेळी काही क्षण अंधारी येते, एवढेच. मनुष्य काम संपवून घरी जातो, जेवतो, निजतो. आणि मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी जळजळ सुरू होऊन तो जागा होतो. दिव्याकडे पाहवत नाही, पाण्याची धार लागते. बुबुळावरील पारदर्शक पटलाच्या अगदी वरच्या पेशी जळालेल्या असतात. एकदोन दिवसांत त्या बहुधा भरून येतात, आणि दुखणे ओसरले की भीतीही ओसरते. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये कित्येक तासांचे अंतर पडत असल्याने दोष कधी धुळीला दिला जातो, कधी जागरणाला. डोळ्यांवर बटाट्याचा कीस बांधून रात्र काढणारे वेल्डर आजही आहेत. त्याने गारवा मिळतो. जळालेले पटल मात्र आपल्याच गतीने भरते.

हा अपाय उष्णतेचा नसून डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा आहे, हे स्वीडनचे नेत्रवैद्य विडमार्क यांनी 1889 मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. हे जंबुपार किरण होत. हिमशिखरांवर बर्फावरून परावर्तित होऊन गिर्यारोहकांचे डोळे सुजवतात तेही हेच.

विडमार्क प्रयोग करीत होते त्याच सुमारास ज्योत प्रयोगशाळेतून कारखान्यात उतरली होती. रशियन साम्राज्यातील बेनार्दोस आणि त्यांचे पोलिश सहकारी ओल्शेव्स्की यांनी 1885 पासून कोळशाच्या कांडीने धातू जोडण्याच्या पद्धतीची एकस्वे मिळवली. 1888 मध्ये स्लाव्ह्यानोव्ह यांनी कोळशाऐवजी धातूचीच कांडी वापरली. ती स्वतः वितळून सांध्यात भरू लागली. परंतु वितळलेल्या धातूला हवा लागून सांधा ठिसूळ होई. स्वीडनमधील शेल्बर्ग यांनी या कांडीवर खनिजांचा लेप देण्याची युक्ती काढली आणि 1904 मध्ये आपली कंपनी स्थापन केली. लेप जळून त्याचा वायू व मळी सांध्यावर पांघरूण घालतात आणि धातू निर्दोष राहतो. धातूला असे संरक्षक कवच मिळाले खरे. पण कांडी आणि तिचा लेप जळताना निघणारा धूर मात्र वेल्डरच्या वाट्याला आला.

डोळ्यांच्या रक्षणाला शास्त्राचा आधार मिळाला तो काचेच्या भट्ट्यांच्या निमित्ताने. भट्टीसमोर आयुष्य घालवणाऱ्या काचकामगारांना मोतीबिंदू होत असे. त्याच्या निवारणासाठी रॉयल सोसायटीने नेमलेल्या समितीतर्फे सर विल्यम क्रुक्स यांनी वेगवेगळी द्रव्ये मिसळून शेकडो काचा घडवल्या आणि कोणती काच कोणते किरण अडवते हे मोजून 1914 मध्ये प्रसिद्ध केले. वेल्डरच्या काळ्या काचांना पुढे गडदपणाचे क्रमांक मिळाले. शे-दोनशे अँपियरच्या नेहमीच्या कामाला साधारण 10 किंवा 11 क्रमांकाची काच लागते. उन्हाचा चष्मा येथे निरुपयोगी होय.

पण याच काळ्या काचेत एक अडचण दडलेली होती. ज्योत पेटण्यापूर्वी तिच्यातून काहीच दिसत नाही. म्हणून कारागीर ढाल बाजूला करून कांडी नेमक्या जागी टेकवतो, आणि नेमका पहिला लखलखाट त्याच्या उघड्या डोळ्यांवर येतो. दिवसातून शंभर वेळा हे घडले तर त्या शंभर क्षणांची बेरीज रात्री होते. ज्योत पेटताच आपोआप काळी पडणारी काच 1981 मध्ये स्वीडनमध्येच विक्रीस आली, तेव्हा कोठे या अडचणीला उत्तर मिळाले.

डोळ्यांचे दुखणे रात्रीपर्यंत थांबते; फुप्फुसांचे वर्षानुवर्षे थांबते. 1936 मध्ये डॉइग व मॅक्लॉक्लिन या ब्रिटिश वैद्यांना वेल्डरांच्या क्ष-किरण चित्रांत फुप्फुसांवर ठिपके आढळले. ते लोहाच्या सूक्ष्म कणांचे होते. काम सोडल्यावर हे डाग पुसट होऊ शकतात असे त्यांनीच 1948 मध्ये नोंदवले, आणि ते दिलासा देणारे होते. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1990 मध्ये हा धूर ‘कदाचित’ कर्करोगकारक ठरवला आणि 2017 मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या वर्गात घातला. ज्योत कारखान्यात आल्यापासून या निर्णयापर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा जोडणाऱ्याला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तोही धुरामुळेच. पण तो एकदोन दिवसांत उतरतो, म्हणून हवापालटाचा समजला जातो.

विजेचा धक्का मात्र उशीर करीत नाही. तेथे फसवणूक वेगळी आहे. वेल्डिंग यंत्राचा दाब घरातील विजेच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. कोरड्या हातमोज्यांनी, कोरड्या जमिनीवर उभे राहून काम करणाऱ्याला तो बहुधा जाणवतही नाही. पण बॉयलरच्या पोटात, घामाने भिजलेल्या कपड्यांनी, लोखंडावर आडवे पडून कांडी बदलणाऱ्याच्या शरीराचा विरोध इतका घटतो, की तोच दाब प्राण घेण्यास पुरेसा होतो.

ठिणगीही उशिरा पेटू शकते. 1996 मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विमानतळावर वरच्या रस्त्याच्या सांध्याचे वेल्डिंग चालू असताना वितळलेले थेंब खालच्या छतातील प्लास्टिकच्या अस्तरात शिरले, आणि त्या आगीत 17 माणसे मृत्युमुखी पडली.

जेथे अनुभव वेळेवर शिकवीत नाही, तेथे नियमाला शिकवावे लागते. स्वतंत्र भारताने हे लवकर ओळखले. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 35 व्या कलमाने तीव्र प्रकाशापासून डोळ्यांचे रक्षण करण्याची तरतूद केली, 36 व्याने बंदिस्त जागेतील विषारी धुराची, आणि 37 व्याने ज्वालाग्राही पदार्थ ठेवलेली टाकी निर्धोक केल्याशिवाय तिच्यावर वेल्डिंग करण्यास मनाई केली. मद्रासजवळ पेरांबूर येथे 1955 मध्ये रेल्वे डब्यांचा कारखाना सुरू झाला आणि संपूर्ण वेल्डिंगने जोडलेले पोलादी डबे देशभर धावू लागले, तेव्हा हे नियम पुस्तकात तयार होते. 1968 च्या भारतीय मानकाने वेल्डिंगच्या कामातील सुरक्षिततेची संहिता अधिक तपशिलाने मांडली.

परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार असल्याशिवाय तो कायदा सामान्यतः लागू होत नसे. ग्वाल्हेर, हुबळी, इंदूर किंवा नागपूर, कोणत्याही शहरात खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटके तयार करणाऱ्या दुकानात माणसे असतात दोन किंवा तीन. उस्तादाच्या हातात काळ्या काचेची ढाल असते. लोखंडी पट्टी धरून बसलेला मदतनीस मान वळवून डोळे मिटतो, आणि शाळेतून परतणारी मुले रस्त्यावर थबकून तो लखलखाट पाहत राहतात. पांढऱ्या भिंतीवरून उलटलेले किरण मान वळवलेल्यापर्यंतही पोहोचतात.

यावरचे उपाय महाग नाहीत. कामाभोवती एक जाड, न जळणारा पडदा, मदतनिसासाठी दुसरी ढाल, धूर तोंडावरून न जाता बाजूला वाहील अशी बसण्याची जागा, कोरडे हातमोजे, सुस्थितीतील केबल व अर्थिंग, आणि कांडी टेकवण्यापूर्वी मोठ्याने दिलेला एक इशारा. विडमार्क यांनी 1889 मध्ये जे सिद्ध केले ते पट्टी धरून बसलेल्या त्या मुलापर्यंत अजून पोहोचायचे आहे. त्याच्या डोळ्यांची आग रात्री सुरू होईल, आणि तेव्हा दुकान बंद झालेले असेल.