तीन मतांचा फैसला

आमच्या महिला मंडळाच्या निवडणुकीत माझ्या थोरल्या जाऊबाई दोन मतांनी पडल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. मंडळ लहानच. दशलक्षणात कार्यक्रम बसवायचे, वर्षातून एकदा कुंथलगिरीची यात्रा काढायची, एवढाच पसारा. पण त्या दोन मतांवरून घरात पंधरा दिवस धुसफूस चालली होती. मोजणीबद्दल कुणाची तक्रार नव्हती, चिठ्ठ्या सगळ्यांदेखत उघडल्या होत्या. तक्रार होती ती यादीची. निवडणुकीच्या आठवडाभर आधी अकरा नव्या सभासद झाल्या होत्या, आणि त्या अकराही जणी एकाच बाजूच्या घरांतल्या सुना नि लेकी. वर्गणी भरलेली, पावत्या फाडलेल्या, सगळं घटनेत बसणारं. मग अन्याय झाला म्हणायचा की नाही?

जाऊबाई रडवेल्या होऊन सासऱ्यांपुढे बसल्या. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोनच मतं ना? आमच्या स्टेट काँग्रेसचा फैसला तीन मतांवर झाला होता. तेव्हापासून जे भांडण लागलं ते निजाम गेला तरी मिटलं नाही."

अप्पा मूळचे उदगीरचे. तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं, निजामाच्या राज्यात. १९४६ साली ते सोळा वर्षांचे होते. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण त्या अभ्यासात ही तीन मतं कुठंच भेटली नव्हती. मुक्तिसंग्राम म्हटला की रझाकार, सत्याग्रह, पोलीस ॲक्शन. लढणाऱ्यांची आपापसात निवडणूक होत असेल आणि तिच्यावरून ते रुसतही असतील, हे काही डोक्यात येत नाही. मग जमेल तसं वाचत गेले.

हैदराबाद स्टेट काँग्रेसची गोष्ट मुळात विचित्र. १९३८ साली ती रीतसर उभी राहायच्या आधीच सरकारनं तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ ला गोविंदराव नानलांच्या पहिल्या तुकडीनं सत्याग्रह केला आणि तुरुंग भरायला लागले. बंदी उठली ती थेट जुलै १९४६ मध्ये. आता बघा, आठ वर्षं जी संस्था कायद्यानं अस्तित्वातच नव्हती, तिची सभासदयादी कुठून असणार? माणसं होती ती महाराष्ट्र परिषद, आंध्र महासभा आणि कर्नाटक परिषद या तीन भाषांच्या तीन संस्थांमध्ये. त्या एकत्र करून एक पक्ष उभा करायचा होता. तीन घरांच्या तीन चुली एका स्वयंपाकघरात आणल्या की काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

त्यातल्या आंध्र महासभेत तर आधीच फूट पडली होती. १९४४ च्या भोंगीर अधिवेशनात कम्युनिस्ट विचारांच्या मंडळींचा जोर झाला आणि सभासदवर्गणी एक रुपयावरून चार आण्यांवर आली. गरीब शेतकऱ्याला संस्थेत यायला दार उघडलं, हे खरंच. पण ज्यांना रुपया जड नव्हता त्या वकील-व्यापारी मंडळींना संस्था हातातून गेल्यासारखी वाटली असणार, हेही खरं. वर्गणी किती ठेवायची हा हिशेबाचा प्रश्न दिसतो, पण मालक कोण हे त्यावरच ठरतं. आमच्या मंडळातसुद्धा वर्गणी वाढवायचा ठराव आला की मी कान टवकारते.

तर १९४६ मध्ये अध्यक्षपदासाठी दोन नावं पुढं आली. एक स्वामी रामानंद तीर्थ. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकवलेले संन्यासी, मराठवाड्यातल्या तरुण कार्यकर्त्यांचे आधारस्तंभ. दुसरे बुर्गुल रामकृष्णराव, हैदराबादचे नामांकित वकील, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले, तेलुगू, संस्कृत, उर्दू, फारशी जाणणारे. एकाचा ओढा थेट लढ्याकडे, दुसऱ्याची वृत्ती नेमस्त, बोलणी करून वाट काढण्याची. स्वामीजी निवडून आले. तीन मतांनी.

लोकांना वाटतं, तीन मतं म्हणजे निसटता विजय आणि विषय संपला. पण इतक्या थोड्या मतांनी हरलेला माणूस आपण हरलो असं मनापासून मानत नाही. कोण आला नाही, कुणाचं नाव यादीत राहिलं, कुणाला ऐनवेळी कुणी समजावलं, हे तो मनात घोळवत बसतो. आणि जिंकलेल्याला ती तीन मतं शंभरासारखी वाटतात. माझ्या जाऊबाईंना अजून त्या अकरा जणींची नावं पाठ आहेत.

इथं मात्र पणाला एका माणसाचा मान लागला नव्हता, सबंध संस्थान लागलं होतं. जून १९४७ मध्ये निजामानं स्वतंत्र राहण्याचा इरादा जाहीर केला. त्याच महिन्यात मुशीराबादला स्टेट काँग्रेसचं अधिवेशन भरलं, आणि भारतात सामील होण्याच्या मागणीवर स्वामीजी अडून राहिले. ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. पुढचा बहुतेक काळ ते तुरुंगात होते आणि बाहेरून लढा चालवणाऱ्या कृती समितीचे प्रमुख होते दिगंबरराव बिंदू, आपल्या नांदेडकडचे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, स्वामीजी सुटले, आणि शत्रू समोरून हटल्याबरोबर पक्ष उभा चिरला गेला. एक स्वामी गट, दुसरा बिंदू-बुर्गुल गट. संघटना कुणाच्या ताब्यात, यावर ओढाताण. म्हणजे नुसता तेलुगू विरुद्ध मराठी असाही हा झगडा नव्हता. मराठी बिंदू बुर्गुलांकडे, आणि तेलुगू मुलखातले तरुण पी. व्ही. नरसिंह राव स्वामीजींकडे.

हे फक्त हैदराबादेतच चाललं होतं असं नाही. १९५० साली अखिल भारतीय काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तीत पुरुषोत्तमदास टंडन यांना १३०६, कृपलानींना १०९२ आणि आपल्या शंकरराव देवांना २०२ मतं पडली. बोगस सभासद नोंदवल्याच्या तक्रारी त्या काळात गावोगाव होत्या. टंडनजींचं अधिवेशन नाशिकला झालं. पुढच्याच वर्षी कृपलानी पक्ष सोडून गेले आणि टंडनजींनाही अध्यक्षपद सोडावं लागलं.

इकडे १९५२ च्या निवडणुकीत हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांपैकी ९३ काँग्रेसनं जिंकल्या. मुख्यमंत्री झाले बुर्गुल रामकृष्णराव. गृहखातं बिंदूंकडे. स्वामीजी गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले. तीन मतांनी हरलेला राज्यावर बसला आणि जिंकलेला दिल्लीला, असं अप्पा म्हणायचे, आणि म्हणताना हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. पक्षाची निवडणूक एका कारणासाठी जिंकता येते आणि सत्ता दुसऱ्याच कारणानं मिळते, मग सभासदांनी मत कशासाठी दिलं होतं?

जानेवारी १९५३ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथंच, नानलनगरला झालं. अध्यक्ष नेहरू. मेहदीपट्टणमकडे जाताना तो चौक लागतो. रिक्षावाल्याला मी एकदा विचारलं, नानल कोण? तो म्हणाला, "कोई डॉक्टर रहे होंगे, अम्मा."

आता मी जरा उडी मारते, पण माणूस तोच आहे. स्वामी गटातले ते तरुण नरसिंह राव पंतप्रधान झाले, काँग्रेसचे अध्यक्षही झाले. एप्रिल १९९२ मध्ये तिरुपतीच्या अधिवेशनात त्यांनी कार्यकारिणीसाठी खरीखुरी निवडणूक घेतली. दोन दशकांत पक्षात असं घडलं नव्हतं. अर्जुनसिंह, शरद पवार अशी त्यांना डोईजड होतील ती माणसं निवडून आली. मग राव म्हणाले, निवडून आलेल्यांत एकही स्त्री नाही, दलित-आदिवासी नाही, हे बरं नव्हे. निवडून आलेल्यांनी राजीनामे दिले, कार्यकारिणी नव्यानं बनली आणि अर्जुनसिंह व पवार निवडलेल्यांऐवजी नेमलेल्यांच्या रांगेत जाऊन बसले.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी याच नरसिंह रावांनी तेलुगूत नेली. बाईचं दुःख त्यांना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आणि एकही बाई निवडून आली नव्हती, हे तर कुणी नाकारू शकत नव्हतं. पण आमची आठवण झाली ती निकाल लागल्यानंतर, निकाल फिरवायला. उमेदवार ठरवताना, मतदार असलेल्या प्रतिनिधींच्या याद्या करताना ती झाली असती तर राजीनाम्यांची वेळ आली नसती. रीतसर निवडणूक झाली तीही अन्यायाची, आणि ती मोडली तोही अन्यायच, असं दोन्ही खरं असू शकतं. आमच्याकडे अनेकांत शिकवतात, त्यामुळे मला हे म्हणताना अडखळायला होत नाही. पण तेवढं म्हणून राग जात नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा तसंच. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ मतं, शशी थरूर यांना १,०७२. खर्गे जुन्या बीदर जिल्ह्यातले, रझाकारांच्या जाळपोळीत त्यांची आई गेली. म्हणजे निजामाच्या राज्यात जन्मलेलं पोर पक्षाचं अध्यक्ष झालं. इतक्या फरकानं लागलेल्या निकालात तरी कटकट नसावी? पण थरूर यांची पहिली तक्रार मतदारयादीचीच होती. नावं आहेत, पत्ते आणि फोन नंबर धड नाहीत, तर मत मागायला जायचं कुणाकडे?

अप्पा आता नाहीत. एकदा मी त्यांना विचारलं होतं, अप्पा, तुम्ही कोणत्या गटाचे?

"मी सोळा वर्षांचा पोरगा, मला कोण मत देऊ देतो? पण आमच्या वडिलांची पावती होती बरं का," ते म्हणाले. मग आतून ट्रंक आणायला लावली. दोन तास शोधलं. जमिनीचे कागद निघाले, उर्दूतल्या दोन नोटिसा निघाल्या, सासूबाईंच्या लग्नाची पत्रिका निघाली. पावती काही सापडली नाही.