निप्पोनायटीसच्या गुंत्याची कुळकथा

ॲमोनाइटचं नेहमीचं वेटोळं आपल्याला शाळिग्रामामुळे परिचयाचं आहे: एकाच पातळीत, एकमेकांना बिलगून फिरणारे वेढे. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या क्रिटेशस खडकांत सापडणाऱ्या निप्पोनायटीसने ही घराण्याची रीत पार सोडली. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा हा समुद्री जीव म्हणजे माकुळाचा दूरचा भाऊबंद. त्याचा शंख प्रथम पाहणाऱ्याला सुटलेल्या लोकरीचा गुंताच वाटतो. मधल्या लहानशा वेटोळ्याभोवती नळी इकडून तिकडे यू आकाराची वळणं घेत जाते आणि तिच्यावर बारीक कंगोऱ्यांच्या ओळी असतात.

याबे हिसाकात्सु या पंचविशीतल्या संशोधकाने १९०४ साली त्याला निप्पोनायटीस मिराबिलिस हे नाव दिलं. नमुना एकच होता, त्यामुळे हा एखाद्या शंखातला जन्मजात बिघाड असावा, अशी शंका घेतली गेली. एवढ्या आधारावर नवी प्रजाती मांडायला धीर लागतो, आणि मला याबेचं सर्वाधिक कौतुक त्यासाठीच वाटतं. पुढे तशाच वळणांचे आणखी शंख मिळाले आणि शंका मिटली. आज जपानमध्ये १५ ऑक्टोबर हा जीवाश्म दिन पाळतात, तो याच नामकरणाच्या आठवणीत.

पण ही वळणं आली कुठून? याचं उत्तर ताकाशी ओकामोतो यांनी १९८८ साली संगणकावर शोधलं. प्राणी नळीच्या टोकाच्या दालनात राहायचा, तर मागच्या बंद कप्प्यांतली हवा त्याला पाण्यात तोलून धरायची. शंख वाढला की तोल बदलायचा आणि तोंड कलायचं. ते फार वर किंवा फार खाली जाऊ लागलं की वाढीची दिशा पालटायची: कधी डावं मळसूत्र, कधी उजवं, कधी सपाट वळण. एवढा नियम घालताच संगणकावर निप्पोनायटीस उमटला.

त्याच गणिताने पूर्वजही दाखवला. यूबॉस्ट्रिकोसेरस जॅपोनिकम या नातेवाइकाचा शंख साधा, सैल मळसूत्री. वाढीच्या नियमातला एखादा आकडा जरासा हलवला, की ते मळसूत्र एकदम नागमोडी होतं. म्हणजे दोघांच्या मधली अर्धवट वळलेली पिढी खडकांत सापडलीच पाहिजे, असा आग्रह धरण्याचं कारण उरत नाही.